कर्जं एकत्र करून खरंच कमी कशी करायची: पाच हप्त्यांच्या एका घराचा हिशेब

पगाराच्या आठवड्यात हमखास एक फोन येतो: "सर, तुमची सगळी कर्जं एकाच सोप्या हप्त्यात करून देतो." ऐकायला बरं वाटतं. पाच तारखा सांभाळायच्या, पाच ठिकाणी खात्यात पैसे ठेवायचे, त्यापेक्षा एकच हप्ता केव्हाही चांगला. पण फोन करणारा जो आकडा सांगतो तो हप्त्याचा असतो. शेवटपर्यंत मिळून किती रुपये जाणार, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. कर्ज एकत्र करण्याचा फायदा-तोटा ठरतो तो याच दुसऱ्या आकड्यावर. हप्ता निम्मा होऊन कर्ज दुपटीने महाग पडल्याची उदाहरणं कुठल्याही बँकेच्या कर्ज विभागात विचारा, मिळतील.

म्हणून हा लेख हिशेबापासून सुरू होतो. पर्याय नंतर.

पायरी १: सगळी देणी एका पानावर

वही घ्या किंवा मोबाइलमधली एक्सेल शीट, पण पान एकच हवं. प्रत्येक देण्यापुढे चार गोष्टी लिहा: आज शिल्लक मुद्दल, वार्षिक व्याजदर, महिन्याला जाणारी रक्कम आणि उरलेले हप्ते. शिल्लक मुद्दल म्हणजे "हप्ता गुणिले उरलेले महिने" नव्हे, त्यात व्याजही आलं. बँकेच्या ॲपमध्ये किंवा कर्जखात्याच्या उताऱ्यात मुद्दल वेगळं दिसतं.

एखादं देणं विसरलं जाण्याची भीती असेल तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. पैसे मागणारं बटण दिसलं तर ते दाबू नका, फुकटचा पर्याय तिथेच कुठेतरी खाली असतो. मात्र पतसंस्थेचं, सावकाराचं किंवा मेहुण्याकडून घेतलेलं कर्ज या रिपोर्टमध्ये बहुधा दिसणार नाही. ते आठवून लिहायचं.

आता व्याजदर. इथे बहुतेकांची गफलत होते, कारण प्रत्येक जण दर वेगळ्या भाषेत सांगतो.

"शेकडा तीन" म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला ३६. शेकडा पाच म्हणजे ६०. बचत गटातलं शेकडा दोनचं कर्ज आपल्याला स्वस्त वाटतं, पण तेही वर्षाला २४ टक्के पडतं.

"फ्लॅट १२ टक्के" हा दुचाकी आणि घरगुती वस्तूंच्या दुकानातला आवडता दर. यात तीन वर्षं पूर्ण मुद्दलावर व्याज लावतात, मधे फेडलेलं मुद्दल जमेस धरत नाहीत. एक लाखाचे ३६,००० व्याज, हप्ता ३,७७८. घटत्या शिलकीच्या पद्धतीने हाच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. ढोबळ अंदाजासाठी फ्लॅट दराची पावणेदोन पट धरा.

क्रेडिट कार्डाचा दर तर महिन्याचा लिहिलेला असतो, साडेतीन टक्के वगैरे, आणि त्या व्याजावर वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के. वर्षाला जवळजवळ ५०.

उदाहरण म्हणून एक वही

हातात ५२,००० रुपये पगार येणारं एक घर घेऊ. आकडे मानलेले आहेत, पण अशी वही चिंचवडपासून नाशिकच्या सातपूरपर्यंत कुठल्याही औद्योगिक वसाहतीत सापडेल.

- क्रेडिट कार्ड: १,२०,००० थकबाकी, महिना साडेतीन टक्के, दरमहा किमान रक्कम ६,००० भरली जाते
- बँकेचं वैयक्तिक कर्ज: १,८०,००० शिल्लक, १५ टक्के, हप्ता ७,२३०, बाकी हप्ते ३०
- मोबाइल ॲपचं कर्ज: ४०,००० शिल्लक, ३० टक्के, हप्ता ३,९००, बाकी हप्ते १२
- पगारदार पतसंस्थेचं कर्ज: १,००,००० शिल्लक, १२ टक्के, हप्ता ४,७०७, बाकी हप्ते २४
- ओळखीच्या माणसाकडून शेकडा तीनने: ५०,०००, महिन्याला नुसतं व्याज १,५००

एकूण देणं ४,९०,०००. महिन्याला जातात २३,३३७, म्हणजे पगाराचे ४५ टक्के.

कार्डाची ओळ जरा जवळून बघा. ६,००० भरले. त्यातले ४,२०० व्याजाचे, ७५६ त्यावरच्या जीएसटीचे. मुद्दल कमी झालं १,०४४ रुपयांनी. आणि थकबाकी पुढे ओढत असताना त्याच कार्डावर किराणा घेतला, तर त्यावर ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. "किमान देय रक्कम" भरली की दंड लागत नाही एवढंच. कार्डाच्या व्याजावरची वर्षाला ३० टक्क्यांची जुनी मर्यादासुद्धा आता नाही: राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ती घातली होती, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली.

शेवटची ओळही तशीच. दीड हजार दरमहा जातात आणि पन्नास हजार पन्नास हजारच राहतात.

पायरी २: नवीन कर्जाआधी घरातला पैसा

आपल्याकडे एक विचित्र सवय आहे. मुदत ठेव "अडीअडचणीला" म्हणून मोडायची नाही आणि शेजारच्याच खात्यात कार्डावर ५० टक्के व्याज भरायचं. ठेवीवर सहा-सात टक्के मिळतात. अडचण हीच आहे, ठेव मोडा. मोडवतच नसेल तर ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या: ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम, दर ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त. महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम मात्र बाजूला राहू द्या, नाहीतर पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येतं.

जुनी एलआयसी पॉलिसी असेल तर तिच्या सरेंडर किमतीवर (पॉलिसी आज बंद केली तर मिळेल त्या रकमेवर) कर्ज मिळतं, वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त. पीपीएफ खात्याला तिसरं ते सहावं आर्थिक वर्ष चालू असेल तर त्यावरही कर्ज मिळतं: दोन वर्षांपूर्वीच्या अखेरच्या शिलकीच्या २५ टक्क्यांपर्यंत. ३६ महिन्यांत फेडलं तर व्याज वर्षाला १ टक्का, नाहीतर ६. उचललेल्या रकमेवरचं पीपीएफचं व्याज बुडतं, ते वेगळं.

पीएफ आणि पीपीएफ पूर्ण रिकामं करण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. न्यायालयाच्या जप्तीतूनही कायद्याने वाचवलेले हे दोन पैसे आहेत. कार्ड कंपनीला देण्यासाठी ते आपणच काढून का द्यायचे?

पायरी ३: काय एकत्र करायचं, काय नाही

नियम साधा आहे. नवीन कर्जाचा दर सगळा खर्च धरून ज्यापेक्षा कमी, तेवढीच जुनी कर्जं त्यात घालायची.

आपल्या वहीतल्या घराला दुसऱ्या बँकेने १६ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज देऊ केलं असं धरू. फोनवाल्याचा प्रस्ताव असा: सगळे ४,९०,००० एकत्र, मुदत पाच वर्षं, हप्ता ११,९१६. दरमहा तेवीस हजार जात होते, ते थेट बारा हजारांवर! घरात पेढे वाटायचे बाकी.

आता पूर्ण हिशेब. पाच वर्षांत व्याज जातं सुमारे २,२५,०००. शिवाय प्रक्रिया शुल्क दोन टक्के अधिक जीएसटी म्हणजे ११,५६४, आणि जुनं वैयक्तिक कर्ज मुदतीआधी बंद केल्याबद्दल समजा चार टक्के अधिक जीएसटी, ८,४९६. एकूण २,४५,००० च्या घरात. यात १२ टक्क्यांचं पतसंस्थेचं आणि १५ टक्क्यांचं बँकेचं कर्ज आपण १६ टक्क्यांत नेऊन घातलं, हे हप्त्याच्या आनंदात लक्षातही येत नाही.

दुसरा मार्ग. पतसंस्था आणि बँकेला हात लावायचा नाही. कार्ड, ॲप आणि शेकडा तीन, एवढी तीनच देणी उचलायची: २,१०,०००. मुदत २४ महिने. हप्ता १०,२८२. या तिघांवर आधी ११,४०० जात होतेच, म्हणजे घरखर्चावर ताण न येता उलट महिन्याला अकराशे सुटतात. व्याज ३६,७७०, शुल्क ४,९५६. राहिलेल्या दोन कर्जांचं उरलेलं व्याज सुमारे ५०,०००. सगळं मिळून ९२,००० च्या आत, आणि अडीच वर्षांत पाटी कोरी.

दोन्हींतला फरक दीड लाखाचा, म्हणजे या घराचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार.

मुदत वाढवली की काय होतं तेही बघून ठेवा. हेच २,१०,००० तीन वर्षांना घेतले तर हप्ता ७,३८३ आणि व्याज ५५,८००. पाच वर्षांना हप्ता ५,१०७ आणि व्याज ९६,४००. "लांब मुदत घेऊ, मधेमधे जास्त भरू" असं मनात असेल तर आधी करार वाचा. वैयक्तिक कर्जं बहुधा स्थिर दराची असतात, त्यात मुदतपूर्व फेडीला शुल्क असतं आणि थोडी थोडी रक्कम भरायला काही ठिकाणी बंदीही असते. बदलत्या दराच्या गृहकर्जाला व्यक्तीकडून असं शुल्क घेता येत नाही.

आणि खरोखरच २३,००० भरणं अशक्य असेल, पगारच कमी झाला असेल, तर लांब मुदत घेणं चूक नाही. फक्त ती सवलत विकत घेतली आहे आणि तिची किंमत काय, हे माहीत असू द्या.

पायरी ४: पैसा कुठून उचलायचा

सोनेतारण. माझ्या मते बहुतेक मराठी घरांसाठी हा पहिला विचारात घ्यायचा पर्याय. लोक लाजतात. कार्डाच्या थकबाकीची लाज वाटत नाही आणि पाटल्या बँकेत ठेवल्याची वाटते! राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँकेत दहा टक्क्यांच्या आसपास मिळालं तर आपले २,१०,००० दोन वर्षांत ९,६९० च्या हप्त्याने फिटतात आणि व्याज २२,५६० होतं, वैयक्तिक कर्जापेक्षा चौदा हजारांनी कमी. पगाराचा दाखला, सिबिल यांची फारशी चौकशी नाही.

बँकेत जाताना काय होतं ते सांगतो, म्हणजे गोंधळायला होणार नाही. बँकेचा नेमलेला सराफ दागिना कसोटीवर घासून किंवा यंत्रावर शुद्धता बघतो. वजन आधी पूर्ण घेतो, मग खडे, लाख, मंगळसूत्रातले काळे मणी आणि दोरा यांचं वजन वजा करतो. कर्ज मिळतं ते या निव्वळ वजनावर, आणि मजुरीला शून्य किंमत. म्हणून दुकानात दीड लाखाला घेतलेल्या कुंदनच्या हारापेक्षा साध्या बांगड्यांवर जास्त मिळतं. वजन, शुद्धता आणि केलेली वजावट लिहिलेला दाखला मागून घ्या, पाकीट तुमच्यासमोर सील झालं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पाच लाखांपर्यंत ८० आणि पुढे ७५ टक्के अशी मर्यादा आहे. पूर्ण फेड झाल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत मिळायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० भरपाई.

धोका कुठे आहे? "वर्षाच्या शेवटी एकदम भरा" या प्रकारात. बारा महिने काहीच भरायचं नसतं, तेराव्याला मुद्दल-व्याज एकदम उभं राहतं, मग लोक व्याज भरून पुन्हा गहाण टाकतात. पाच-पाच वर्षं हे चालतं आणि शेवटी लिलावाची नोटीस येते. तेव्हा मासिक हप्त्याचं सोनेतारण मागा. ते मिळालं नाही, तर दर महिन्याला स्वतःहून भरा.

पगारदार नोकरांची पतसंस्था. कारखाना, शाळा, महापालिका, एसटी, जिल्हा परिषद, जिथे नोकरी असेल तिथे बहुधा ती असतेच. सभासद व्हा, मासिक वर्गणी सुरू करा. हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे संस्थेची जोखीम कमी आणि दरही बरा असतो. आपल्या वहीतल्या घराचं पतसंस्थेचं एक लाख शिल्लक आहे. असं जुनं कर्ज वळतं करून वाढीव कर्ज मिळतं का, हे आधी सचिवांना विचारावं. वैयक्तिक कर्जाचा फॉर्म त्यानंतर भरावा. दोन गोष्टी बघा: कर्जातून भागभांडवलापोटी किती कापणार, आणि जामीनदार किती लागणार.

जामीनदारांबद्दल थोडं जास्त. तुमचा हप्ता थकला तर संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवते आणि तो जामीनदारावरही बजावला जातो. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, "आधी त्याच्याकडून घ्या" हे चालत नाही. सही देणारा सहकारी रोज शेजारच्या मशीनवर उभा असतो, हे विसरू नका. आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. तक्रार असेल तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे जायचं, बँकिंग लोकपालाकडे नाही.

गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावरच उचललेलं वाढीव कर्ज. दर सगळ्यात कमी, म्हणून मोह सगळ्यात जास्त. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. ते टॉप-अपमध्ये घातलं की त्याच्यामागे घर उभं राहतं. शिवाय उरलेल्या पंधरा वर्षांच्या गृहकर्जाबरोबर मोबाइल आणि गोव्याच्या सहलीचे पैसे पंधरा वर्षं फेडत बसायचे. घ्यायचंच असेल तर टॉप-अपची मुदत तीन-चार वर्षांची वेगळी ठरवून घ्या. नोकरी डळमळीत असेल तर नकोच.

वैयक्तिक कर्ज आणि कार्डाचं ईएमआय. आधी ज्या बँकेत पगार जमा होतो तिथे विचारा, दर तिथेच बरा मिळतो. एका आठवड्यात सात ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. हातातल्या पगाराच्या निम्म्याच्या वर हप्ते गेले की बँका सहसा नाही म्हणतात. अशा वेळी जुनी तीन देणी याच कर्जातून बंद होणार आहेत, हे अर्जासोबत लेखी द्यावं, आणि शक्य असेल तर नव्या बँकेलाच थेट कार्डखात्यात रक्कम भरायला सांगावं. वैयक्तिक कर्ज मिळालंच नाही, तर कार्ड कंपनीकडून थकबाकीचं हप्त्यांत रूपांतर करून घ्या. दर १५-२० टक्क्यांच्या आसपास पडला तरी ५० पेक्षा केव्हाही बरा.

ॲपचं कर्ज फेडायला दुसरं ॲप, हे कधीच नाही.

पायरी ५: सही करण्याआधी आणि पैसे आल्यावर

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत "की फॅक्ट स्टेटमेंट" देणं बंधनकारक आहे. चार कागदांतून हाच एक आधी वाचा. त्यात एपीआर नावाची ओळ असते: व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा, सगळं धरून पडणारा वार्षिक दर. तुलना याच दराची करायची. कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा बहुधा इथे उघडा पडतो. १५ टक्के म्हणून सांगितलेलं कर्ज १८ च्या वर दिसलं तर विचारा, विमा नको असं सांगा. "कंपल्सरी आहे सर" असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा विमा तिथेच गळून पडतो.

पैसे खात्यात आले की त्याच दिवशी जुनी देणी बंद. ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि इथेच गाडी घसरते. दोन लाख खात्यात दिसले की घरातलं फ्रिज जुनं वाटायला लागतं.

शेकडा तीनवाल्याकडे रोख नेऊ नका. खात्यावर पाठवा, त्याच्याकडे दिलेले कोरे चेक आणि सही केलेला बाँड परत घ्या आणि "काही देणं बाकी नाही" असं लिहून घ्या. ॲपचं कर्ज बंद करून नो ड्यूज दाखला डाउनलोड करा, मग ॲप काढून टाका. कार्ड दोन असतील तर एक बंद करा. बंद करण्याची विनंती आल्यापासून बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला देणं लागतं. अर्थात थकबाकी शून्य हवी. दुसऱ्या कार्डाची मर्यादा पगाराच्या निम्म्यावर आणून ठेवा. एकत्रीकरणानंतर वर्षभरात कार्ड पुन्हा भरलं, तर तीनवर आलेली देणी पुन्हा चार होतात.

एकत्र करताच येत नसेल तर

कर्ज मिळालंच नाही, सोनंही नाही, तर जी देणी आहेत त्यांचाच क्रम लावा. सगळ्यांना ठरलेला हप्ता आणि वर जे काही हजार-दोन हजार निघतील ते एकाच ठिकाणी, सर्वांत जास्त दराच्या कर्जावर. आपल्या वहीत ते कार्ड. ते संपलं की त्याचे सहा हजार शेकडा तीनच्या मुद्दलावर, ॲपचे हप्ते संपले की तेही तिथेच. काही जण आधी सर्वांत छोटं देणं संपवा म्हणतात, हुरूप येतो म्हणून. हुरूप लागत असेल तर तसं करा, थोडं व्याज जास्त जाईल. दिवाळीचा बोनस, भिशीचा नंबर, महागाई भत्त्याची थकबाकी, सगळं याच रांगेत.

पायरी ६: हप्ते थकलेच, तर

पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) होतं आणि मग शाखाधिकाऱ्याच्या हातात फार काही राहत नाही. नोकरी गेल्याचं पत्र, हॉस्पिटलची बिलं, जे असेल ते जोडून मुदतवाढ किंवा पुनर्रचनेचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तडजोड, म्हणजे "सेटलमेंट", हा शेवटचा उपाय. सहकारी बँकांत तिला सामोपचार योजना किंवा एकरकमी परतफेड म्हणतात. काही रक्कम माफ होते, पण रिपोर्टमध्ये "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" लागतं आणि पुढचा कर्ज देणारा ते वाचतो. तोंडी तडजोडीवर एक रुपयाही भरू नका. बँकेच्या लेटरहेडवर कर्जखात्याचा क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायची तारीख आणि "यानंतर कोणतीही थकबाकी राहणार नाही" हे वाक्य हवं. रक्कम फक्त कर्जखात्यात भरा, वसुली एजंटच्या यूपीआयवर नाही.

तडजोडीसाठी राष्ट्रीय लोकअदालत चांगली जागा आहे. वर्षातून साधारण चार वेळा भरते, दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणंही तिथे घेतात, कोर्ट फी नाही. तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तीच रक्कम कबूल करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलाबद्दल विचारता येतं, हेल्पलाइन १५१००.

"पोलीस पाठवतो" या धमकीने लोक सर्वांत जास्त घाबरतात. हप्ता न भरणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. चेक न वटणं मात्र फौजदारी आहे, चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला तरी तशीच तरतूद लागू होते. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात, त्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका. दिवाणी हुकूमनाम्यातही पूर्ण पगार जप्त होत नाही: पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश तुमचेच राहतात.

वसुली एजंटने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना आणि ऑफिसातल्यांना छळायचं नाही. कॉल रेकॉर्ड करा, बँकेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

सावकाराचं वेगळं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये आला. त्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्के, तर शेतकऱ्याकडून ९ आणि १२ टक्के एवढाच दर घेता येतो. शेकडा तीन म्हणजे या मर्यादेच्या दुप्पट. बिनपरवाना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि व्याजापोटी लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. मित्राने अडचणीत दिलेले हातउसने पैसे मात्र सावकारी ठरत नाहीत, धंदा म्हणून चालवलेली उसनवारी ठरते.

"कर्ज निम्म्यात मिटवून देतो, आधी फी भरा, तोवर हप्ते बंद ठेवा" म्हणणाऱ्या कंपन्यांपासून चार हात लांब राहा. हप्ते बंद ठेवल्याचा दंड आणि डाग तुमच्या नावावर लागतो. त्या जे पत्र लिहितात, ते तुम्हीही लिहू शकता. आणि परदेशातल्या लेखांत वाचलेली वैयक्तिक दिवाळखोरीची वाट इथे जवळपास नाहीच: नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू झाला आहे, बाकीच्यांना १९०९ आणि १९२० चे जुने कायदे.

पायरी ७: फेडल्यानंतरचे कागद

शेवटचा हप्ता गेला की नो ड्यूज दाखला घ्या, उरलेले कोरे चेक परत मागा, खात्यावरची आपोआप वजावटीची सूचना रद्द करा. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागद ३० दिवसांत मिळायला हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सातबाऱ्यावर बोजा चढला असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन तो कमी करून घ्या आणि नवा उतारा काढून बघा. हे राहून गेल्याचं लोकांना कळतं ते दहा वर्षांनी, वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी.

दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. बँकांनी आता निदान पंधरवड्याला माहिती पाठवायची असते, तेवढ्यात नोंद बदललेली दिसायला हवी. बंद केलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल तर त्या क्रेडिट कंपनीच्या साइटवर तक्रार टाका आणि तारीख लिहून ठेवा: ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर एकतिसाव्या दिवसापासून रोज १०० रुपये भरपाई मिळते.